दोष पिशवीचा

३ जानेवारी २००४, शनिवार
पिशवीचा बंद तुटला आणि बोलणी माझ्या गुडघ्यांना. हा कुठला न्याय? दाजीबानपेठेच्या भर बाजारात टोमॅटो गडगडत गेले, ते वेचायला मी खाली बसले आणि मला उठवायला दोन माणसं लागली. दोन लागली कारण तिथं दोनच उभी होती. चार असती तर चार लागली असती. पण त्यातला एक माझ्या मुलाच्या वर्कशॉपातला निघाला. संध्याकाळी घरात खटला.

जय भीम, डायरी. नमस्कार राहिलाच. तू माझ्या मुलाला, आनंदाला, सोसायटीत फुकट मिळालीस. त्याला नको होतीस. मी चौथी पास आहे, अक्षर मोठं येतं, तेव्हा पानं लवकर संपतील. तक्रार चालणार नाही.

खटल्याचा निकाल: आनंदा म्हणाला, आई, हाडांच्या डॉक्टरांनी मागंच सांगितलंय, काठी घे. नाहीतर यापुढं बाजार अनसूया करील. अनसूया म्हणजे सून. भेंडीचं टोक मोडून बघत नाही. सरळ मूठ भरून उचलते, जणू भाजीवालीवर उपकार. मी म्हटलं, जयंतीच्या जेवणाची भाजी मी एकटी आणते, चाळीस पानांची, बिनकाठीची. आणली तर बाजार कायमचा माझा. नाही आणली तर तुझ्या बायकोचा. आनंदा कबूल झाला. अनसूयानं भाकरी फार जोरात थापली.

१४ एप्रिलपर्यंत मुदत. भरपूर.

१० जानेवारी, शनिवार
कोप्पीकर रोडला नवीन मोठं दुकान उघडलंय. आत गार हवा, भाव गरम. पण तिथं एक वस्तू बघितली. चाकाची जाळीची टोपली, तिला ढकलायला दांडा. तिच्यात सामान टाकायचं आणि फिरायचं. मी मिठाची एक पुडी टाकली आणि दुकानाला सहा फेऱ्या मारल्या. गुडघा हूं की चूं नाही.

म्हणजे गुडघ्यात दोष नाहीच. दोष पिशवीचा. इतकी वर्षं डॉक्टर भलतीच जागा दाबून बघतोय.

सातव्या फेरीला टोपली घेऊन बाहेर निघाले. वॉचमन पायरीवर आडवा आला. म्हणाला, अज्जी, गाडी दुकानातच ठेवायची असते. मी म्हटलं, मग गिऱ्हाईकानं घरी काय डोक्यावर न्यायचं? त्यानं टोपली आत ओढून नेली.

संकल्प: रस्त्यावर चालणारी अशी गाडी मी करणार. आनंदाचे अप्पा बत्तीस वर्षं रेल्वे वर्कशॉपात चाकं बसवत होते. बत्तीस वर्षं त्यांचा डबा मी भरला. चाकाची माहिती घरातलीच आहे.

२४ जानेवारी, शनिवार
गाडी नंबर एक. सफरचंदाचं खोकं, खाली चार बेरिंगं, पुढं ओढायला दोरी. गल्लीच्या तोंडाशी बाबाजीचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्यानं करून दिली. आवाज असा की गल्लीतली आठ कुत्री पाठीमागं. शेजारची तानूबाई काठी टेकत दारात आली आणि म्हणाली, नागूअक्का, मला वाटलं मालगाडी आली. ही तानूबाई माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि काठी घेऊन फिरते. लाज नाही.

उतारावर खोकं माझ्या टाचांवर आदळलं. तीनदा. चढावर गाडी दमली. मला तिच्यासाठी दोनदा थांबावं लागलं, एकदा पायरीवर बसावंही लागलं.

सुधारणा: ओढायची नको, ढकलायची हवी. ढकलताना हाताला आधार मिळतो. आधार नव्हे, पकड.

१४ फेब्रुवारी, शनिवार
गाडी नंबर दोन. बाबागाडीची चाकं, वर बांबूची टोपली, मागं ढकलायला आडवा दांडा. दांडा कुठवर घ्यायचा म्हणून बाबाजीनं माझ्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावला. मी म्हटलं, शिंप्याकडं कामाला होतास का? तो म्हणाला, अज्जी, उंची बरोबर पाहिजे, नाहीतर पाठ धरते. मी म्हटलं, गाडीला कुठली पाठ?

सकाळी अनसूया त्याच्याकडं तव्याची मूठ बसवायला गेली होती म्हणे. तव्याची मूठ पाऊण तास बसवत नाहीत. काय की, काय बोलत बसली होती.

चाचणी: गाडी फार उत्तम पळाली. इतकी उत्तम की उतारावर हातातून सुटली आणि माझ्याआधी बाजारात पोचली. एका म्हशीनं अडवली. कोथिंबीर म्हशीला द्यावी लागली.

आमच्या गल्लीपासून दाजीबानपेठ चालत पंधरा मिनिटं. हल्ली चाळीस लागतात, पण ते वाटेत माणसं भेटतात म्हणून.

सुधारणा: ब्रेक.

६ मार्च, शनिवार
सायकलचा ब्रेक बसवला. दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली, हात घसरत नाही. बाबाजीनं विचारलं, अज्जी, उभं राहिल्यावर गाडी सरकते का? मी म्हटलं, सरकते, आणि तिच्याबरोबर मीही. मग त्यानं मागची दोन चाकं काढली आणि तिथं पाय लावले, खाली रबराचे बूट. पुढं चाकं, मागं रबर. जरा उचलायची, जरा ढकलायची. असलं डोकं माझंच. म्हणजे बाबाजीनं सुचवलं, पण मी नाही म्हटलं नाही.

रबराचे बूट औषधाच्या दुकानात मिळाले. रबर औषधाच्या दुकानात का विकतात, देव जाणे. आम्ही देव मानत नाही, तेव्हा दुकानदार जाणे.

तानूबाईच्या काठीला खाली तसलंच रबर आहे. तिनं माझी नक्कल केली असणार.

२७ मार्च, शनिवार
शेवटची सुधारणा. गाडीच्या मागच्या दोन पायांच्या मधे फळी बसवली, उघडझाप करणारी. गाडी दमली की तिला थांबवून आपण तिच्यावर बसायचं. आज गाडी सहा वेळा दमली.

अनसूयानं जुन्या साडीची छोटी गादी शिवून फळीला बांधली. मी मागितली नव्हती. हिच्या मनात काय आहे कळत नाही. बाजार जाणार हिच्या हातातून, आणि गाद्या शिवतेय.

तब्येत उत्तम. गाडीला मात्र सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं फार जड जातात. नंतर मोकळी होते. तेल घातलं. गाडीला चाकात, मी गुडघ्याला. उरलं होतं म्हणून.

१३ एप्रिल, मंगळवार, सकाळी सहा
आज जयंतीचा बाजार. वांगी, मेथी, भेंडी, हिरव्या मिरच्या, लिंबं. एकटी जाणार. आनंदा म्हणाला, आई, रिक्षा सांगू का? मी म्हटलं, रेल्वेवाल्याच्या घरात रिक्षा? लिहून ठेवते: अकरा वाजता भरल्या गाडीनं परत.

त्याच दिवशी, दुपारी तीन
भाजी उत्तम मिळाली. काटेरी देठाची वांगी, एकात कीड नाही. टोपली काठोकाठ. हे आधी लिहिलं, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल मला निवडता येत नाही.

परत येताना गाडी चिंचेच्या झाडाखाली दमली. मी फळीवर बसले. तेवढ्यात एक बाई आली, माझं वांगं उचललं, दाबलं आणि म्हणाली, बदनिकाई हेंगरी, अज्जी? म्हणजे कानडीत, वांगी कशी दिली. मी भाजीवाली दिसते? डोकं तापलं. तिला घालवायला मी दुप्पट भाव सांगितला. तिनं दीडपट म्हटलं. बास. पन्नास वर्षं मी ह्या बाजूनं घासाघीस केली, त्या बाजूनं कधी केली नव्हती. मी म्हटलं, पुढं जा बाई, हा माल तुला झेपायचा नाही. ती म्हणाली, बरं, एक किलो दे. मी म्हटलं, दाबलेलं वांगं आधी पिशवीत घाल.

तराजू नव्हता. शेजारी चप्पल शिवणारा बसला होता, त्याच्याकडंही नव्हता. मी हातानं वजन केलं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. एक मास्तर आला, मेथी निवडून मागायला लागला. त्याला म्हटलं, मास्तर, घरी काय करणार मग, पेपर वाचणार? हसला आणि तीन जुड्या नेल्या. एकालाही भाव पाडून दिला नाही. एकालाही नाही!

टोपलीत हात घातला तेव्हा चार लिंबं उरली होती. मग आठवलं.

घरी आले. आनंदा टोपलीत बघत राहिला. मी म्हटलं, गाडी हलकी चालावी म्हणून. मग खरं सांगितलं. तो हसत हसत पायरीवर बसला. अनसूयानं स्वयंपाकघरातून पोतं ओढत आणलं. वांगी, मेथी, सगळं. कालच आणून ठेवलं होतं. म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता! मी पोत्यातली भेंडी मोडून बघितली. कोवळी होती. हे तिला सांगितलं नाही.

१४ एप्रिल, बुधवार
जेवण चांगलं झालं. भाजी तिखट होती. बाजार अनसूयाचा झाला. चाळीसांपैकी निम्म्या माणसांनी मला वांग्याचा भाव विचारला. हसून हसून विचारला.

मी हरले नाही. भाजी आणायची होती, ती आणली. फक्त घरापर्यंत नाही.

१७ एप्रिल, शनिवार
पहिला शनिवार घरात. अनसूया पिशवी घेऊन गेली. मी गाडी अंगणात सोळा वेळा फिरवली, चाकं आखडतात म्हणून.

२६ एप्रिल, सोमवार
आनंदानं डॉक्टरांकडं नेलं. गाडी घेऊनच गेले. डॉक्टर खुर्चीतून उठले! गाडीभोवती फिरले, ब्रेक दाबला, फळीवर स्वतः बसले. म्हणाले, अज्जी, हे कुणी बनवलं? मी म्हटलं, मी. त्यांनी बाबाजीचा पत्ता घेतला आणि चार गाड्यांची ऑर्डर दिली. चार! मग आनंदाला म्हणाले, ह्यांना अडवू नका, हे घेऊन रोज बाजारात जाऊ द्या. आनंदानं माझ्याकडं बघून मान हलवली. बाजार परत माझा!

इतके दिवस गुडघे दाबणारा माणूस आज गाडीचं कौतुक करतो. कारखाना काढावा म्हणते. तानूबाईला दाराशी उभी करून सगळं सांगितलं. दोनदा.

२८ एप्रिल, बुधवार, दुपार
बाबाजी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला. उंची हीच. ब्रेक असाच. रबर असंच. फळी हवी, गादीसुद्धा. शेवटी लिहिलंय: टोपली नको.

मी म्हटलं, टोपली नको? मग भाजी कुठं ठेवायची? बाबाजी म्हणाला, अज्जी, त्या माणसांना भाजी आणायची नाही, त्यांना चालायचंय. मी म्हटलं, टोपलीशिवाय ही गाडीच नव्हे, काढून दाखव बघू. त्यानं चार स्क्रू फिरवले आणि टोपली खाली ठेवली.

मी बघितलं. दोन चाकं. दोन रबराचे पाय. धरायला दांडा, बसायला फळी.

अनसूया दारात उभी होती. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, टोपली परत बसव, शनिवारी वांगी आणायचीत. तो बसवायला लागला, तेवढ्यात तानूबाई काठी टेकत फाटकाशी आली आणि म्हणाली, नागूअक्का, बरं झालं बाई, शेवटी वॉकर घेतलास!

ह्याला उत्तर अनसूयानं द्यायचं. मी झोपले आहे.