साबणाच्या डबीतला कान

८ जानेवारी १९७८, रविवार. रिसोड

आणखी एक ट्रान्झिस्टर जळाला. सोल्डर लावताना त्याचा पाय चिमट्यानं धरायचा असतो, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. मुलींना विज्ञानाच्या वर्गात हेच शिकवते. आज स्वतः घाई केली. आता वाशीमला गेल्याशिवाय दुसरा मिळणार नाही.

प्र. दुपारच्या एस्टीनं अकोल्याला परत गेले. त्यांच्या ऑफिसकडून क्वार्टर मिळायची चिन्हं आहेत. दोन खोल्या, नळ आत. जिल्हा एकच, त्यामुळे माझीही बदली होईल म्हणतात. जेवताना हे सगळं मोठ्यानं चाललं होतं आणि सासूबाई समोर भाकरी थापत होत्या. मी खूण केली, तर म्हणाले, "आईले काय ऐकू येते!"

खरंच येत नाही. गेल्या बाजारच्या दिवशी ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला आणि सासूबाई रस्त्याच्या मधोमध मेथी निवडत उभ्या. भाजीवालीनं हात धरून ओढलं म्हणून वाचल्या. घरी आल्या तेव्हा मेथीची जुडी छातीशी घट्ट धरलेली. त्या दिवशी ठरवलं, रेडिओ पुरे झाले, आता ह्यांच्यासाठी ऐकायचं यंत्र करायचं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी जमू दे.

११ जानेवारी, बुधवार

शिलाई मशीनवर पाट टाकून त्यावर काम करते. लाइट गेली की काम बंद. आज तीनदा गेली.

सासूबाई आल्या, तारांकडे पाहिलं. "कायले डोये फोडून राह्यली?" मी हातानं रेडिओची खूण केली. मान हलवून गेल्या. त्यांच्याशी मी हल्ली खुणांनीच बोलते. ओरडायचा कंटाळा येतो, आणि ओरडलं की आपण भांडतोय असं शेजारच्यांना वाटतं.

१४ जानेवारी, शनिवार

शाळेच्या कामाला वाशीमला. ते आटोपून रेडिओच्या दुकानात गेले तर करीमभाई तिथेच! अनसिंगच्या पोस्टात तारबाबू आहेत, पण जीव सगळा रेडिओत. आमची ओळख ह्याच दुकानातली, एका कंडेन्सरसाठी दोघांनी एकदम हात पुढे केला होता. अजून व्हॉल्व्हच्या सेटवर त्यांची श्रद्धा. ट्रान्झिस्टरला "खिलौना" म्हणतात.

मी माझं सर्किट वहीच्या पानावर काढून दाखवलं. म्हटलं, सुरू केलं की शिट्टी मारतं आणि मधूनच डुगडुग करतं, विहिरीवरचं इंजिन चालल्यासारखं.

"शिट्टी तर मारंलच, मॅडम. माइक आन कान आमने-सामने बसवले तुमी."

"लांब केले. तेव्हा डुगडुग सुरू झाली."

"मंग सेल कमजोर हाये."

"सेल नवे आहेत. मला वाटतं, सेलवर एक मोठा कंडेन्सर टाकायला हवा."

त्यांना पटलं नाही. मला त्यांचं पटलं नाही. दुकानदारानं दोघांना तिळगूळ दिला. शेवटी मी कंडेन्सर घेतला आणि सेलही घेतले. निघताना करीमभाईंनी विचारलं, "किसके वास्ते बना रहे?" सांगितलं. मग म्हणाले, "अम्मी को पहले धीमा सुनवाना. एकदम जोरसे नही." त्यांच्या वडिलांना ऐकू येत नसे, हे मला माहीत नव्हतं.

प्र. ह्या आठवड्यात आले नाहीत. हिशेब-तपासणी आहे.

१८ जानेवारी, बुधवार

डुगडुग गेली. कंडेन्सरनं की सेलनं? दोन्ही एकदम बदलले, आता कळायला मार्ग नाही. करीमभाईंना कार्ड टाकलं, "अर्धे तुम्ही, अर्धी मी."

खोकं कशाचं करावं? आगपेटी लहान, डबा मोठा. साबणाची प्लास्टिकची डबी बरोब्बर बसते. गुलाबी आहे. असू दे. माइक भंगारातल्या टेलिफोनचा. कानात घालायचा आपल्या रेडिओचा इयरफोन.

२४ जानेवारी, मंगळवार

चाललं!

शाळेतून आल्यावर त्यांना खाटेवर बसवलं. आवाज अगदी लहान ठेवला, डबी हातात दिली, इयरफोन कानात घातला. त्या आधी घाबरल्या, त्यांना वाटलं औषध आहे. मी हळूहळू बटण फिरवत गेले. काहीच नाही. अजून काहीच नाही. मग एकदम त्यांनी मान वर केली.

मी दाराकडे गेले. तिथून विचारायचं होतं, ऐकू येतंय का.

त्याच आधी बोलल्या. "तू पाय घासत चालतं."

इतक्या दिवसांच्या मेहनतीनंतर हे! मी हसायला लागले तर त्यांनी इयरफोन काढून टाकला. हसणं फार मोठं झालं त्यांना. मग पुन्हा घातला. शेजारची बकरी, हापशाची दांडी, दूरचा भोंगा, प्रत्येकाला "हे काय व?" विचारत होत्या. स्वतःच खोकल्या आणि दचकल्या. मी साध्या आवाजात म्हटलं, "आत्याबाई, चहा ठेवू?"

"ठेव. साखर कमी टाक. रोज सांगतो, तू कुठी ऐकतं."

बटण कुठलं ते नीट समजून घेतलं. बंद-चालू, बंद-चालू. "हे माह्याच हातात राहीन ना?" म्हटलं, तुमच्याच.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदनाला त्या शाळेत आल्या, पदराखाली डबी. पदर माइकवर घासला की खरखर होते म्हणाल्या. माइकभोवती कापसाची गादी केली, जरा बरं आहे. शेजारच्या गंगाबाई नेहमीप्रमाणे त्यांच्या तोंडावर काहीतरी टाकून बोलल्या, "म्हातारी नटून आली." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "हो. नऊवारी नवी हाये." गंगाबाईंचा चेहरा!

घरी येईपर्यंत दोघी हसत होतो. ह्या घरात लग्न होऊन आल्यापासून एवढं हसल्याचं आठवत नाही.

२९ जानेवारी, रविवार

प्र. काल आले. सासूबाईंनी मला आधीच बजावलं होतं, "त्याले सांगू नको. मीच सांगीन." मला वाटलं, गंमत करायची असेल.

आज सकाळी त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आम्ही दोघं उंबऱ्यात. क्वार्टर पक्कं झालं. जूनमध्ये जायचं. मी विचारलं, "आणि आत्याबाई?" प्र. म्हणाले, "आईची सोय दादाकडे. केनवडले. दोन खोल्यांत कुठी मावते? आन तिले काय, इथी बसली काय आन तिथी बसली काय."

मी म्हटलं, केनवडला थोरल्या दिरांच्या घरी त्यांना करमेल का. पण हेही म्हटलं की अकोल्यात मला चांगली शाळा मिळेल, तिथे सामानाची दुकानं आहेत, वाशीमच्या खेपा वाचतील. म्हटलं ते खरंच होतं. मला जायचंच आहे.

बोलता बोलता दिसलं, सासूबाईंचे हात थांबलेत. पदराच्या काठातून वायर कानाकडे गेली होती.

प्र. बोलतच राहिले, दादाला धान्य पाठवायचं, खाट पाठवायची. मी त्यांचा हात दाबला. "काय?" म्हणाले. सासूबाई सूप उचलून आत गेल्या.

प्र. दुपारी गेले. सासूबाई त्यांच्याशी काही बोलल्या नाहीत. प्र.ना त्यात वेगळं काही वाटलं नाही.

३० जानेवारी, सोमवार

शाळेतून आले. त्या चुलीपुढे.

"मले केनवडले धाडून राह्यले."

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

"ठरलं. खाटीचंबी ठरलं."

पुढे जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "मले वाटे, मले ऐकू येत नाही म्हणून घरात बोलणं कमी झालं. बोलणं कमी नव्हतं झालं. माह्याशी कमी झालं."

मी जवळ बसले. त्यांनी कानातून इयरफोन काढला, वायर डबीभोवती गुंडाळली आणि डबी भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली.

२ फेब्रुवारी, गुरुवार

डबी देवळीतच. मी सेल काढून ठेवावेत का? पाझरले तर आतलं सगळं खराब होईल. पण हात लावायचा धीर होत नाही.

स्वयंपाक व्यवस्थित. माझ्या डब्यात लोणचं रोज. बोलणं नाही. मी पाय उचलून चालते आहे.

करीमभाईंचं कार्ड आलं. "अम्मी को कैसा लगा?" उत्तर लिहायला घेतलं, जमलं नाही.

चूक कुठे झाली? सर्किटात नाही. मी त्यांना ऐकू यावं म्हणून धडपडले, आणि काय ऐकू येईल ते...

५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विहारात वंदनेला जायच्या वेळी बघते तर देवळी रिकामी. त्या पुढे निघून गेलेल्या. मी मागून पोहोचले तेव्हा पहिल्या रांगेत, डोळे मिटून. नेहमी त्यांचे ओठ सगळ्यांच्या मागे-पुढे चालतात. आज बरोबर होते.

बाहेर पडताना कुणाच्या तरी खांद्याला वायर अडकली आणि तुटली. घरी येऊन डबी माझ्यासमोर ठेवली. "जोड."

बस, एवढंच. पण मला केवढं बरं वाटलं!

लाइट नव्हती. आज थांबले नाही, सोल्डरचं आयर्न निखाऱ्यावर तापवलं. त्या शेजारीच बसून बघत राहिल्या. ऐकू येत नव्हतं म्हणून वायरचं टोक हातात दिलं आणि धरायची खूण केली. गोधड्या शिवणारा हात आहे, हलत नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

आज त्यांनी स्वतः जोडून पाहिलं. मी मुद्दाम एक जुनी वायर दिली होती. राळेच्या धुरानं खोकल्या, पहिल्यांदा सोल्डरचा गोळाच झाला, दुसऱ्यांदा बोट भाजलं. "तुह्या विद्येत चटके लई." बोटाला तूप लावलं आणि पुन्हा बसल्या. तिसरा जोड ओढून पाहिला, सुटला नाही. सेल बदलायला कालच शिकल्या. वरची बाजू, खालची बाजू, सेलचं पितळी देठ कुठे येतं ते.

मी विचारलं, हे सगळं कशाला? मी आहे ना.

"तू अकोल्याले राहशीन."

"आणि तुम्ही?"

आयर्न खाली ठेवलं. "केनवडले थोरल्या सुनेचं घर हाये. अकोल्याले तुहं राहीन. मले माह्यं पाह्यजे. मी इथीच राह्यतो. आता दारावरची हाक ऐकू येते, गाडीचा हॉर्न ऐकू येते. काय कमी हाये?"

म्हटलं, आजारी पडलात तर? विहिरीवर पाय घसरला तर?

"मंग तुमी तथी राहून काय करान? आन इथी राहून काय करान?"

मनात काहीतरी हललं, आणि ते सुटल्यासारखं होतं की तुटल्यासारखं, हे अजून कळलेलं नाही. मला अकोला हवं आहे. ह्या बाईही आता हव्या आहेत. महिन्यापूर्वी हे दुसरं वाक्य मी लिहिलं नसतं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी डबी करायला घेतली. एक बिघडली तर एक हाताशी. म्हणजे मी त्यांचं म्हणणं मान्य केलं की काय? तसं नाही. पण करायला घेतली.

करीमभाईंना उत्तर पाठवलं. "अम्मींना चांगलं ऐकू येतं. आता आम्हाला शिकायचं आहे."

१२ फेब्रुवारी, रविवार

प्र. काल उशिरा आले, सासूबाई झोपल्या होत्या. मीही काही सांगितलं नाही. सासूबाईंनीच सांगायचं ठरलं होतं.

आज सकाळी प्र. दाढी करून अंगणात आले आणि नेहमीसारखे ओरडले, "आई! पाणी तापलं का?"

सासूबाई पाटावर बसल्या होत्या. पदर बाजूला करून डबी मांडीवर घेतली, उघड. "वरडू नको, प्रभाकर. मी ऐकून राह्यली."

ते माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली.

"कवापासून?"

"तू माही खाट केनवडले धाडत होता, तवा ऐकत होती."

प्र. उभेच. टॉवेल हातात. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा तो मोठा आवाज निघाला, "आई, तसं नाही..." त्या म्हणाल्या, "हळू बोल." त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा आवाज चढला. किती वर्षं झाली असतील त्यांना आईशी हळू बोलून? जमतच नव्हतं. शेवटी ते खाली बसले, आईच्या पाटाशेजारी मातीतच, धुतलेला पायजमा घालून.

"बोल," त्या म्हणाल्या. "मी इथी एकटी राहीन म्हनतो. तुले काय वाटते ते सांग. माह्या तोंडावर सांग."

मग खरंच हळू बोलायला लागले. मी उंबऱ्यापर्यंत गेले होते, तिथूनच परत आत आले. स्वयंपाकघरातून प्र.ची पाठ दिसते आहे आणि सासूबाईंचा बटणावरचा अंगठा. मधेच सासूबाईंनी मान हलवली, ती हो होती की नाही, इथून कळलं नाही. एकदा प्र. हसल्यासारखे वाटले. एकदा त्यांनी डोळे पुसले, की घाम.

एक शब्द ऐकू येत नाही मला. चहा दोनदा गरम केला. अजून आत आले नाहीत.