बाळ दाखवायची खिडकी

माय, तुझी खिडकी मी बंद केली. आडून आडून सांगत बसले असते तर तू म्हणाली असतीस, "सरळ बोल की गं," म्हणून आधीच सांगून टाकलं. आपल्या दवाखान्याला नवी इमारत जोडली, जुनी दुरुस्त केली, आणि वीज कशी वाचवायची हे बघायचं काम माझ्याकडं आलं. तू जन्मभर आयाचं काम केलंस त्या बाळंतिणींच्या वॉर्डात आता एसी आहे. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्यांना न उघडणाऱ्या दुहेरी काचा बसवायच्या, ही सूचना माझीच. 'सगळ्या' असं लिहिताना तुझी खिडकी डोळ्यांपुढं आलीच नाही गं.

शाळा सुटली की मी तुझ्याकडंच यायची. पुरुषांना वॉर्डात मज्जाव, म्हणून कुणाचा नवरा, कुणाचा बाप बाहेर लिंबाखाली ताटकळत उभा असायचा. तू दुपट्यात गुंडाळलेलं बाळ खिडकीशी न्यायचीस आणि म्हणायचीस, "बघा, नाक तुमच्यावरच गेलंय!" सगळ्यांना हेच सांगायचीस, लबाड कुठली! एकदा थंडीचे दिवस आहेत, मी कुडकुडत ती खिडकी लावून घेते, आणि तू हातातली बादली तिथंच टाकून धावत येतेस. "उघड आधी! ते म्हातारं सकाळधरनं उभं हाय. लेकीचा आवाज तरी कानावर पडू दे त्याच्या." मी रडकुंडीला येते. मग त्याच म्हाताऱ्यानं गजांतून दिलेला पेढा तू माझ्या हातावर ठेवतेस, स्वतः चाखतसुद्धा नाहीस.

काचा बसायला लागल्या तेव्हा हे सगळं आठवलं. माझ्या वरच्या साहेबांकडं गेले, म्हटलं एक खिडकी तेवढी राहू द्या. ते हसले. "मॅडम, एक उघडी ठेवायची तर बाकीच्या बंद करून काय उपयोग? आणि ही टिपणी तुमचीच ना?" माझीच. खाली सहीसुद्धा माझी. बरं, काम वाईट म्हणावं तर तेही नाही. वैशाखात तुझ्या बाळंतिणी ओलं फडकं अंगावर घेऊन तळमळायच्या, आता शांत झोपतात. भांडायचं तरी कुणाशी? नव्या इमारतीतल्या माझ्या ऑफिसचीही खिडकी उघडत नाही. समोर लिंब हलताना दिसतो, सळसळ ऐकू येत नाही. दिवसभर तिथंच बसते आणि जीव गुदमरतो.

परवा काचांच्या कामाची पाहणी होती. साहेब गाडीत बसले होते, मी मागून निघाले, तर तुझ्या खिडकीपाशी चारठाणा गावाकडचा एक म्हातारा काचेला नाक लावून उभा. आत सिस्टर बाळ वर धरून काहीतरी सांगत होती. मागं खाटेवर त्याची लेक पडून होती, तीही बोलत होती, सारखी हात हलवत होती. म्हातारा माझ्याकडं वळला. "बाई, काय म्हणायलीय वो माझी लेक? बरी हाय ना?"

साहेबांनी हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "बरी आहे म्हणते, बाबा. दोघंही बरी आहेत." त्यानं डोळे पुसले आणि पुड्यातला पेढा माझ्या हातावर ठेवला.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पेढा अजून पर्समध्येच आहे. माय, मला काचेतून एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं, आणि आत जाऊन विचारायला दोनच मिनिटं लागली असती.