व्हेनिसच्या होडीत अनवाणी

व्हेनिस, जून २०१६

तीर्थरूप बाबा,
इथूनच पाया पडते.

मी मजेत आहे. इथे रस्त्यांच्या जागी पाणीच आहे, दारोदारी होड्या बांधलेल्या.

काल होडीत चढताना सवयीने पायातल्या चपला, आपले जँडल्स, काठावर काढले. होडीवाला हसायला लागला. म्हटलं, माझे वडील खाडीत होडी चालवायचे, चप्पल घालून कुणाला चढू देत नसत. मग त्यानेच माझे जँडल्स उचलून आत ठेवले.

इथे उन्हाळा, तिकडे आपल्या पोरिरुआच्या घरी उलट हिवाळा, थंडी वाढली असेल. तुमचा जावई सागर गरम जेवायला वाढतो ना? पाण्याकडे बघत एकटेच बसू नका.

निघताना तुम्ही पुन्हा म्हणालात, मला आपल्या खाडीकाठच्या गावी पाठव. आल्यावर आपल्या दोघांची तिकिटं काढते. परतीचं एक काढू की दोन, ते तुम्ही सांगा.

तुमची,
शकु