स्वच्छ गावाचं रक्त

ती. आईस,

बेलापूरहून राजेश्वरीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि तुझ्या हळदीला नावं ठेवायची दादाची छाती नाही, म्हणून लिहितेय.

इथल्या लोकांच्या रक्तात शिसं किती उतरलंय, ते आम्ही लॅबवाले तपासतो. इथल्या दिवाळे गावच्या गोजरामावशी, मासे विकणाऱ्या, रक्त द्यायला तयार होईनात. म्हणाल्या, "पयलं तुजं काढ, मंग माजं." आमच्या मॅडम खूश. मी महिन्यापूर्वीच साताऱ्याहून आलेली, म्हणजे तुलनेला स्वच्छ गावाचं रक्त मिळालं. मीही ऐटीत हात पुढे केला.

रिपोर्टमध्ये सगळ्यांत जास्त शिसं माझं निघालं. मावशींच्या दुप्पट. आता मी दिसले की त्या माशांची टोपली लांब सरकवतात.

मॅडमनी माझं खाणंपिणं विचारलं आणि तू दिलेली हळदीची बरणी तपासायला नेली. यंदा घरची हळद फिकी वाटली म्हणून तू आठवडी बाजारातून सोन्यासारखी पिवळी आणलीस ना? तो रंगच शिशाचा निघाला. बरणी आता लॅबमध्ये कुलपात आहे, वर तुझं नाव लिहिलंय. माझ्यावर नको, त्या विकणाऱ्यावर रागाव.

दादाच्या यशराजला अजून रोज हळद-दूध देतेस का? आजपासून बंद कर. त्याचं रक्त उद्याच तपासून घ्या, तुझंही. तो लहान आहे, आई.

निघताना तू बजावलं होतंस, बाहेरचं खाऊ नकोस. ती हळद घरातून जाईपर्यंत यशराजला बाहेरचंच खाऊ दे.

तुझी,
राजू