शनिवार-रविवारची बॅच

१२ जानेवारी, सोमवार
घेतला प्रवेश! दादरच्या अकॅडमीत, हेअरड्रेसिंगला. रोजची बॅच सहा महिन्यांत संपते, शनिवार-रविवारची वर्षभर चालते. मी दुसरी घेतली. बाबा रिटायर झालेत, नोकरी सोडून कसं चालेल? म्हणजे पाच दिवस लोअर परळला इन्शुरन्सच्या फोनवर लोकांचा ओरडा, दोन दिवस कात्री. सुट्टी नाहीच.
आई — "दर्शना, बी.कॉम. होऊन लोकांचे केस कापतलंस?"
बाबा पेपरातून वर न बघता — "कापूंदे गो. चोरी तर करणा नाय मां!"
हितेंद्रला फोन केला. दिवाळीत साखरपुडा झाला आमचा, मे महिन्यात लग्न. "भारी! कर की," म्हणाला. किती हलकं वाटलं.

१८ जानेवारी, रविवार
डमीच्या डोक्यावर नुसते केसांचे भाग पाडत बसलो. कंगवा सारखा हातातून पडत होता. आमच्या स्पृहा मॅडम म्हणाल्या, "खांदे खाली सोड. मारामारीला आलीयेस का?"

२९ जानेवारी, गुरुवार
कानात एक माणूस क्लेमसाठी ओरडतोय आणि मी समोरच्या टेबलावरच्या बाईची मान बघतेय. केस वाकडे कापलेत! अनुजा, आमची टीम लीडर, डोळे वटारून गेली. बरोबरच आहे तिचं. पण या कामात मनच लागत नाही. दिवसभर बोलून हातात काय राहतं? केस कापले की निदान समोर दिसतात.

१ फेब्रुवारी, रविवार
पायांचे तुकडे पडलेत. कशाला घेतलं हे!

८ मार्च, रविवार
माहीमची चुलतबहीण आकांक्षा माझ्या सरावासाठी स्वतःचं डोकं घेऊन आली. एक बाजू वर गेली, म्हणून दुसरी वर घेतली, मग परत पहिली — ती हसत होती, मी रडले. पुढच्या वेळी परत येते म्हणाली. वेडी.

११ एप्रिल, शनिवार
आज पहिली प्रॅक्टिकल. खरा माणूस आणायचा होता. ऑफिसातला वैभव येणार होता, ऐनवेळी त्याचा फोन बंद! हितेंद्रला विचारलं. फणसवाडीतल्या घरून टॅक्सी करून आला बिचारा. आरशातून माझ्याकडे बघून हसला. भरूनच आलं.
मागचे केस घेतले होते, तेवढ्यात त्याच्या आईचा, यशोदाकाकूंचा फोन.
"हो आई, दादरला. दर्शनाच्या कॉम्प्युटर क्लासला आलोय."
माझी कात्री थांबली. "कॉम्प्युटर?"
"अगं, आईला कसं सांगणार? तिला नाही आवडायचं हे न्हाव्याचं काम. आणि लग्नानंतर कुठे करणार आहेस? हौस आहे, भागवून घे."
हौस!
"मान खाली घे," एवढंच म्हणाले.
मानेपाशी सफाईने उतरवत आणले केस. मॅडमनी बोटं फिरवून पाहिली — "पास."
खाली उतरल्यावर तो आपला डोक्यावरून हात फिरवतोय. "मस्त कापलेस गं! रागावलीस का?"

१२ एप्रिल, रविवार
तो वाईट नाही. तीच तर अडचण! वाईट असता तर सोपं होतं. फोन केला — "काकूंना खरं सांग." "सांगतो ना. लग्न तर होऊ दे." पत्रिका छापून आल्यात. आईने गठ्ठा देवापुढे ठेवलाय. मी घरात नुसती येरझाऱ्या घालतेय.

१७ एप्रिल, शुक्रवार
ऑफिसातून थेट फणसवाडीला त्याच्या घरी गेले. त्याच्यासमोरच यशोदाकाकूंना सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "अय्या, मग माझेही काप की! यात लपवायचं काय?" मी हितेंद्रकडे पाहिलं. तोच म्हणाला, "आई, तू तरी काय! लोक काय म्हणतील?"
साखरपुड्याची अंगठी टीपॉयवर ठेवून आले.