उसाशाचं वजन

प्रिय भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. तुमची कंबर कशी आहे? घड्याळं उघडून तासन्‌तास वाकून बसू नका, असं तुमच्या दादांनाही सांगत होते. त्यांनी तरी कुठे ऐकलं!

मी बरी आहे, बिघडलंय ते प्रयोगशाळेतलं यंत्र. मी कोळ्याचे धागे कागदाच्या चौकटीवर चिकटवून देते आणि यंत्र ते ओढून किती जोराने तुटतात ते मोजतं. जोर तरी केवढा, तर मुंगीने मनावर घेतलं तर तीही तोडेल. (हे मी साहेबांना म्हटलं. त्यांना आवडलं नाही.) तर गेला महिनाभर यंत्र कागदावर जी सरळ रेषा काढतं तिच्यात मध्येच एक डोंगर उगवतो. साहेबांनी पंखा बंद केला, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, शिपायाला अनवाणी चालायला लावलं. शिंक आली तर जिना उतरून खाली शिंकायची, असा लेखी हुकूम निघाला. (मी धावत खाली पोचले की शिंक विरायची आणि वर येऊन बसले की हजर.) आम्ही घामाने न्हालो, डोंगर जागच्या जागी. शेवटी साहेब माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही दर पाच मिनिटांनी उसासा टाकता!" मी म्हटलं, "छे, मी कशाला टाकू?" तर शिपाई म्हणतो, "मावशी, हा काय, आत्ताच टाकलात की!"

काय बोलायचं, सांगा. दादा गेल्यापासून दोन वर्षांत जो उसासा माझा मला ऐकू आला नाही, तो यंत्राने मिलिग्रॅममध्ये मोजला! आता तोंडाला फडकं बांधून बसते, तरी निम्मा बाहेर पडतोच. साहेबांचा विश्वास उडालाय. सोमवारी त्यांच्यादेखत दहा धागे न तोडता लावायचे, नाहीतर माझी रवानगी रिकाम्या बाटल्यांच्या कोठारात. हे एकच काम मला मनापासून येतं, भाऊजी. आणि इथला नवा चिमटा असा आडदांड, की धागा धरला की संपला.

तुमची,
वहिनी

ता. क. दादांचा मऊ पकडीचा चिमटा तुम्ही आठवण म्हणून नेलात. जाऊबाई त्याने भुवया कोरतात असं कानावर आलं. रागावले नाही, पण सोमवारच्या आत पाठवा.

आणखी एक. सोबत दादांच्या आठवणीचं काही लिहू नका. लिहिलंच तर मंगळवारी पोचेल अशा बेताने टाका.