बाळ्याची बोअर, माझी बाव

२ एप्रिल
बाळ्याने बोअर मारली. माझ्या बावीला खेटून, कुंपणापलीकडे. ह्यांचा चुलतभाऊ म्हणून गप्प बसायचं? मुंबईहून आला, होमस्टे काढला, आता पाहुण्यांना शॉवर हवेत. बोलायला गेले तर म्हणे, "वहिनी, जमिनीखालचं पाणी तुमच्या नावावर आहे काय?" मेला.

५ एप्रिल
ह्यांना मुंबईला फोन. "भांडू नको." झालं!
सासरे सांगायचे, पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं नि समुद्राच्या खाऱ्यावर बसून राहतं. वरवरचं हळू काढायचं. जोरात ओढलं की खारं वर येतं. म्हणून शिमगा झाला की दोन्ही घरांचे पंप बंद, पावसापर्यंत नुसती कळशी. बाळ्या याच बावीचं पिऊन वाढला ना!

९ एप्रिल
सकाळपासून त्याचा पंप घरघरतोय. माझी कळशी तळाला आपटते. डोकं फिरलं. तू ओढणार नि मी बघत बसू? माळ्यावरचा पंप काढला, बावीत सोडला. टाकी, पिंपं, पातेली, सगळं भरलं. बरं वाटलं. उद्यापण लावणार.

१४ एप्रिल
चहा फाटला. दूधवाल्याला शिव्या घातल्या. दुसरं दूध आणलं, तेही फाटलं. मग पाणी जिभेवर घेतलं. मचूळ.
कुंपणावरून ओरडले, "वाटोळं केलंस माझ्या बावीचं!"
"माझंपण खारट झालंय. पंप तुम्हीपण लावलात ना?"
मी आणखी ओरडले.

१६ एप्रिल
पिण्याचं पाणी वरच्या वाडीतून. गुडघे गेले. वाटेत बाळ्याची बायको, तिच्याही डोक्यावर हंडा. बघितलंच नाही तिच्याकडे. पोफळींना हे खारट किती दिवस घालू? मरतील.

२० एप्रिल
बाळ्या दारात. बस म्हटलं नाही.
"वहिनी, दोघंही पंप काढून ठेवूया. पावसात बाव सुधारली तर सुधारली."
"तू आधी."
"तुम्ही आधी."
शेवटी उद्या दोघांनी काढायचे ठरलं. पण त्याच्या शब्दावर विश्वास?...

२१ एप्रिल
सकाळपासून तिकडे आवाज नाही. पण त्याच्या टाकीखाली ओल दिसते. कालची की आजची, कोण सांगणार?
दुपारी माझा पंप काढायला गेले. दोर हातात घेतला, तर कुंपणापलीकडे हा उभा, बघत.
"काढताय ना?"
"तू काढलास?"
त्याची नजर माझ्या दोरावरच.
दोर सोडून दिला नि घरात आले.